सल्ला हवा: ओआर (ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे गणिताच्या मदतीने कामाचं नियोजन) मॉडेल तयार आहे, पण प्लॅनर वापरत नाहीत. अंमलबजावणीवरचं संशोधन वाचून उपयोग होतो का?

चाकणची_प्लॅनिंगवाली:
नमस्कार मंडळी. गाड्यांचे मार्ग आखायला आमच्या टीमने मॉडेल केलं. चाचणीत किलोमीटर कमी झाले, तरी प्लॅनर अजून एक्सेलमध्येच गाड्या लावतात. साहेब म्हणाले, प्राध्यापकांनी अंमलबजावणीवर खूप लिहिलंय, ते वाचा. दोन पेपर उघडले, तर नुसत्या प्रश्नावल्या आणि सहसंबंध. कोणाला खरंच फायदा झालाय का? काय वाचू?

सप्लायचेन_नाशिक:
'वरिष्ठांचा पाठिंबा हवा' हे आपल्याला प्रश्नावलीशिवायही माहीत आहे. ते पेपर सोडा. ओआरचे प्राध्यापक जॉन लिटल यांचा १९७० चा लेख मात्र वाचाच. मॅनेजर मॉडेल वापरतच नाहीत, इथूनच तो सुरू होतो. मॉडेल साधं हवं, भलतीच उत्तरं न देणारं हवं, वापरणाऱ्याच्या ताब्यात राहणारं हवं, असे सहा निकष त्यात आहेत. ते घेऊन मी आमच्या प्लॅनरसमोर बसलो आणि 'ताब्यात' या शब्दावरच अडलो. त्यांना एकही गाडी हाताने हलवता येत नव्हती! ती सोय दिली, शेजारी कारणाचा रकाना ठेवला. महिनाभरात त्या रकान्यातून कळलं की एका गिऱ्हाइकाकडे दुपारी दोननंतर माल उतरवूनच घेत नाहीत. आमच्या मॉडेलला याचा पत्ताच नव्हता.

निवृत्त_ओआर:
ताई, चर्चमन आणि शाइनब्लाट या ओआर अभ्यासकांचा १९६५ चा लेखही बघा. मॅनेजरने संशोधकाला समजून घ्यायचं की संशोधकाने मॅनेजरला, हा त्यांचा प्रश्न. दोघांनी एकमेकांना, असा त्यांचा कौल. भाषा जड आहे, नेटाने वाचा.
पण तुमच्या कामाला सगळ्यात जवळचा वृत्तांत यूपीएस या अमेरिकी पार्सल कंपनीच्या 'ओरायन' या मार्ग आखणाऱ्या प्रणालीचा, जिला २०१६ चा एडेलमन पुरस्कार (ओआरमधला मोठा पुरस्कार) मिळाला. काम २००३ च्या सुमारास सुरू झालं आणि पुढे सुमारे ५५,००० चालकांपर्यंत पोचलं. नुसतं कमीत कमी अंतर काढून भागलं नाही. चालकाच्या रोजच्या क्रमाशी मेळ घालावा लागला, नकाशे दुरुस्त करावे लागले, प्रशिक्षणावर प्रचंड मेहनत घ्यावी लागली. किती वर्षं लागली ते साहेबांना जरूर दाखवा.

चाकणची_प्लॅनिंगवाली:
काका, दादा, मनापासून आभार. आमच्याकडेही गाडी हाताने हलवता येत नाही, हे आत्ता लक्षात आलं. आधी रकाना करून घेते. सोमवारी सकाळच्या शिफ्टला प्लॅनरशेजारी बसणार आहे, काय निघालं ते इथेच लिहीन.