डिप्लोमाचे सात महिने राहिलेत आणि चाकणहून नोकरीचं बोलावणं आलंय. जावं की थांबावं?

खटावचा_मामा

माझा भाचा शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ट्रेनिंगसाठी चाकणच्या एका कंपनीत गेला होता. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. सुपरवायझरला त्याचं काम आवडलं आणि आता निरोप आलाय: दिवाळी झाली की फुल टाइम ये, १९,००० पगार, बस आणि कॅन्टीन कंपनीचं. नवीन लाइन सुरू होतेय, जागा आत्ताच भरायच्यात, मे महिन्यापर्यंत कुणासाठी थांबणार नाहीत.

दाजी म्हणतात, जाऊ दे. गेल्या वर्षी बोअर मारली ती कोरडी गेली, पतसंस्थेचा हप्ता मानगुटीवर आहे, आणि शिकून घरी बसलेली पोरं गावात ढिगानं आहेत. त्यांचं बोलणं मला कळतं. तरी माझं मत ठाम आहे. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा दे, सहावी पूर्ण कर, मग कुठंही जा. कंपनीत माणूस पहिल्या दिवशी कोणत्या हुद्द्यावर आत जातो, त्यावर त्याची पुढची कितीतरी वर्षं ठरतात. सर्टिफिकेट हातात असेल तर तो डीईटी, म्हणजे डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी म्हणून जाऊ शकतो. नसेल तर ऑपरेटर. मशीन तेच, शिफ्ट तीच, पण सुपरवायझरची जागा निघाली की नाव कुणाचं पुढं जातं ते बघा.

पोरगं मधल्या मध्ये गप्प झालंय. विरुद्ध मत असलं तरी मोकळेपणानं मांडा, मला ते ऐकायचंय.

वाळूजचा_सेटर

मामा, मी दाजींच्या बाजूनं आहे. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा सोडला आणि वाळूजला कामाला लागलो. वडील अंथरुणाला होते. त्या पगारावर दोन बहिणी शिकल्या, एक आज नर्स आहे. मी सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा सेटर आहे. ड्रॉइंग वाचतो, ऑफसेट टाकतो, पहिला पीस पास करून देतो. हे मला कॉलेजनं शिकवलेलं नाही, मशीननं शिकवलं.

आता हिशोबाचं बोला. डिप्लोमा पास झाल्यावर लगेच डीईटी मिळतं असं तुम्ही धरून चाललाय. बऱ्याच पोरांना आधी अप्रेंटिस म्हणून घेतात. २०१९ च्या सुधारित नियमांत डिप्लोमावाल्याचा किमान स्टायपेंड ८,००० ठरला होता. काही कंपन्या जास्त देतात, पण १९,००० देणाऱ्या कंपन्या किती? शिवाय १९६१ च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, म्हणजे पीएफही नाही. शिकलेल्याला कमी आणि न शिकलेल्याला जास्त, असा बाजार आहे आत्ता. समोर आलेलं ताट का ढकलायचं?

भोसरी_शॉपफ्लोअर

मामा, एकच विचारतो. ऑफर लेटरवर वर नाव कुणाचं आहे? कंपनीचं की कॉन्ट्रॅक्टरचं?

खटावचा_मामा

काल रात्री त्याच्याकडून फोटो मागवला. खाली कंपनीचा पत्ता आहे 'कामाचं ठिकाण' म्हणून. पण लेटरहेड एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं आहे. 'फुल टाइम' लिहिलंय, 'परमनंट' कुठंही नाही.

भोसरी_शॉपफ्लोअर

मग हे सगळ्यांनी नीट वाचा. माझ्या लाइनवर २८ माणसं आहेत, त्यातली बहुतेक एजन्सीची. गेटवर त्यांचं कार्ड वेगळ्या रंगाचं. सलग सेवेचे २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण लागू होतं, म्हणून ते भरायच्या आत ब्रेक देतात. म्हणजे सात-साडेसात महिने झाले की एक दिवस कार्ड पंच होत नाही आणि पोरगं गेटवरूनच परत जातं. महिनाभरानं दुसऱ्या एजन्सीच्या नावावर पुन्हा नवीन. पीएफचा नंबर तोच राहतो, पण सर्व्हिस पहिल्या पानापासून सुरू.

आता गणित मांडा. नोव्हेंबरला लागला तर जूनच्या सुमारास ब्रेक. आणि परीक्षा मे मध्ये संपते. म्हणजे ज्या महिन्यात तो डिप्लोमा घेऊन बाहेर पडला असता, त्याच महिन्यात तो हातात काही नसताना गेटबाहेर उभा असेल. त्या १९,००० मधून पीएफ, ईएसआय कापून, चाकणला रूमचं भाडं आणि सुट्टीच्या दिवशीचं जेवण वजा करून घरी किती पोचतं तेही दाजींना कागदावर मांडून दाखवा. सेटरभाऊंचा मला आदर आहे. पण ते लागले तेव्हा ऑपरेटर कंपनीच्या रोलवर, म्हणजे कंपनीचाच कामगार म्हणून घेत होते. ते दिवस आमच्या पट्ट्यात तरी राहिले नाहीत.

वाळूजचा_सेटर

मीही आधी कॉन्ट्रॅक्टवरच होतो, चार वर्षं. आणि एक सांगा, आज तुमच्या लाइनवर डिप्लोमावाले एजन्सीकडून येत नाहीत का? येतात. मग सर्टिफिकेटनं काय बदललं? सात महिन्यांनी हा पोरगा पास होऊन त्याच एजन्सीच्या दारात उभा राहिला तर मामांनी काय मिळवलं? ब्रेक दिला तरी सात महिन्यांचा अनुभव त्याच्याकडे असेल, आणि हप्ते थकलेले नसतील.

भोसरी_शॉपफ्लोअर

येतात, खोटं कशाला बोलू. पण क्वालिटी, मेंटेनन्स, टूल रूममध्ये जागा निघाली की एचआर पहिल्यांदा डिप्लोमा आहे का बघतं. एजन्सीच्या पोरांतून वर गेलेले मी पाहिलेत, त्यांच्याकडे कागद होता. आणि मशीन उत्तम चालवणारा एक हाडाचा कारागीर माझ्या शेजारी गेली अनेक वर्षं त्याच ग्रेडला आहे. नवीन डीईटीला मायक्रोमीटर, बोअर गेज तोच शिकवतो, आणि वर्षभरात तो डीईटी त्याच्या रजेच्या अर्जावर सही करतो. मला हे बघवत नाही.

पाचवी_सेमिस्टर

मी स्वतः डिप्लोमाला आहे. कॉलेज सांभाळून घेतं की. आमच्या वर्गातले दोघं कामाला जातात, परीक्षेपुरते येतात. दोन्ही करता येतं.

प्रॅक्टिकलची_बाई

मी तंत्रनिकेतनात शिकवते, म्हणून यावर स्पष्ट बोलते. 'सांभाळून घेतात' या भरवशावर कुणीही मुलगा पाठवू नये. हजेरीचा नियम ७५ टक्क्यांचा आहे. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे कॉलेजनं सेमिस्टर पुरी झाल्याचं मान्य केलं नाही, तर मुलगा डिटेन होतो आणि परीक्षेला बसताच येत नाही. सहाव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो. तो गटात करायचा असतो, दर आठवड्याला डायरी तपासतो आम्ही. थर्ड शिफ्ट करून सकाळी प्रॅक्टिकलला आलेला मुलगा मी लेथसमोर उभा करत नाही. डोळे मिटत असतात त्याचे, आणि चक फिरत असतो. अपघाताला एक क्षण पुरतो.

'नंतर येऊन पूर्ण करीन' हेही ऐकायला सोपं वाटतं. आमच्या तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम, म्हणजे स्कीम, बदलत असते: आय स्कीम २०१७ मध्ये आली, के स्कीम २०२३ मध्ये. मध्ये खंड पडून परत आलेल्या मुलाला जुने विषय नव्याशी जुळवून घ्यावे लागतात, काही नव्यानं द्यावे लागतात. तोवर बरोबरची मुलं निघून गेलेली असतात, नोट्स द्यायलाही कुणी नसतं. परत आलेले मी फार थोडे पाहिलेत.

आणि डिप्लोमा म्हणजे फक्त चाकणचं गेट नव्हे. खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के गुण असले की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, सीईटी लागत नाही. रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीला निदान तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो. अडीच वर्षं केलेल्याला तो फॉर्म भरताच येत नाही.

आक्का_सातारा

बाई, तुमचं सगळं पटलं. पण आमच्यासारख्या घरात 'सात महिने' हा शब्द वेगळा ऐकू येतो. पतसंस्थेचा माणूस सकाळी चहाच्या वेळेला दारात येऊन बसतो, शेजारी बघतात. बाप खाली मान घालून आत जातो. ते रोज बघणाऱ्या पोराला प्रोजेक्टची डायरी लिहायला सुचेल का? कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं तेव्हा पोरांच्या पोटाची सोय आधी केली, वसतिगृहं काढली, शेतात काम दिलं. नुसतं 'शिका' म्हणून सोडून दिलं नाही. ज्यांना पोरानं थांबावं असं वाटतं, त्यांनी त्या सात महिन्यांची सोय सांगावी.

वाळूजचा_सेटर

आक्कांनी माझ्या मनातलं बोललं. हजेरीचं आणि स्कीमचं मला माहीत नव्हतं, ते मान्य करतो, आणि लेटर एजन्सीचं आहे म्हटल्यावर माझा जोर थोडा कमी झालाय. नोकरी कंपनीच्या रोलवर असती तर अजूनही 'जा' म्हटलं असतं. पण मामा, तो हप्ता कोण भरणार ते सांगा. तुम्ही भरणार असाल तर माझा विरोध इथं संपला. नसाल, तर पोराला थांब म्हणायचा हक्क दाजींचा आहे, तुमचा नाही.

खटावचा_मामा

बरोबर विचारलंत. हप्ता ६,२०० आहे. डिसेंबर ते मे मी आणि धाकटा भाऊ निम्मा-निम्मा भरतोय, आज बोलणं झालं. जुने थकलेले दोन हप्ते आहेत, त्यासाठी पतसंस्थेच्या मॅनेजरला शनिवारी भेटतोय, मुदत वाढवून मिळते का बघायला. भाच्यानं सुपरवायझरला फोन करून जूनला येऊ का विचारलं. तो म्हणाला, लाइन तोवर भरेल, पण पास झाल्यावर बायोडेटा टाक, मी एचआरला सांगतो. एवढंच, शब्द काही दिला नाही.

दाजींना अजून पटलेलं नाही. मेहुण्याचे पैसे घ्यायला त्यांना जड जातंय, असं ताई म्हणाली. रविवारी जातोय. भोसरीकर, तुम्ही म्हणालात तसा पगाराचा हिशोब कागदावर करून नेतो. रूमचं भाडं सध्या किती चाललंय ते कुणी सांगाल का?

भोसरी_शॉपफ्लोअर

तिघांत एक खोली घेतली तर माणशी दोन ते अडीच हजार, लाइट वेगळं. डिपॉझिट आधी द्यावं लागतं, ते हिशोबात धरा.