पदवीचा विषय आडवा येत नाही

रसायनशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेत ग्रंथालयशास्त्राच्या मास्टर्सला अर्ज करता येतो का, असं एकाने विचारलंय. बिनधास्त करा. तिथे कोणत्याही शाखेची पदवी चालते. उलट संशोधन ग्रंथालयात विषय कळणारा माणूस हवाच असतो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विद्यापीठांनी काढून टाकलीय, त्यामुळे बराच भार एसओपीवर, म्हणजे ‘हा अभ्यासक्रम का करायचाय’ हे सांगणाऱ्या निबंधावर येतो. त्यात ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड’ हे वाक्य कृपया नको, ज्याच्या-त्याच्या अर्जात तेच! त्यापेक्षा भलत्याच कपाटात गेलेलं पुस्तक तुम्ही वर्गांकावरून (पुस्तकावरच्या विषयवार क्रमांकावरून) कसं हुडकलंत, ते लिहा. आणि हो, अभ्यासक्रमाला एएलएची (अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची) मान्यता आहे का ते आधी बघा. तिकडच्या ग्रंथपालाच्या जाहिरातींत ती अट बऱ्याचदा असते.