गोठ्यावरचे ट्रॅक्टर : आजोबांचा, वडलांचा, तुमचा (अनुभव लिहा)

दुधाचा धंदा दोन-तीन पिढ्या चालत आलेल्या घरांसाठी हा धागा. ट्रॅक्टरवर बोलायला बसलं की नांगर किती खोल गेला आणि ट्रॉली किती ओढली यावरच गाडी जाते, पण गोठ्याचं गणित वेगळं, तिथे रान मोकळं झालं म्हणून ट्रॅक्टर उभा राहत नाही, वैरण आणि शेण ३६५ दिवस असतंच. पहिला कुठला आला, त्याने काय काय केलं आणि नवीन आल्यावर जुन्याचं काय झालं ते लिहा. शेवटचं नक्की लिहा, कारण माझ्या पाहण्यात दूधवाल्या घरातला जुना ट्रॅक्टर सहसा विकलाच जात नाही.

माझ्यापासून सुरू करतो. आजोबांचा एचएमटी झेटर २५११, दोन सिलिंडर, २५ एचपी. एचएमटीने पिंजोरला १९७१ मध्ये झेटरबरोबर ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली, त्याच मालिकेतला. सुरुवातीला त्याच्यावर शेतीच चालायची, जनावरांसाठी वेगळं काम असं नव्हतंच. मग गाई वाढल्या तशी कडबाकुट्टी (वैरण बारीक कापायचं मशीन) मोठी आणली आणि ती ट्रॅक्टरला पट्टा लावून चालवायला लागले. ट्रॅक्टर मागे-पुढे करून पट्टा ताणायचा आणि चाकांना दगड लावायचे, पट्टा निसटला की आजोबा आधी सगळ्यांना लांब करायचे आणि मग शिव्या द्यायचे. आता तो फक्त शेणाची छोटी ट्रॉली ओढतो. एचएमटीचे ट्रॅक्टर बंद होऊन बरीच वर्षं झाली, २०१६ मध्ये निर्णय झाला, तरी दोन सिलिंडरचं साधं इंजिन असल्यामुळे गावठी मिस्त्रीही उघडून बसतो.

*

आमच्याकडे आयशर होता, एक सिलिंडरचा एअरकूल्ड. फरिदाबादला १९५९ मध्ये भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तो आयशरच, हे काका प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. गोठ्याच्या दृष्टीने त्याची खुबी अशी की रेडिएटरच नाही, म्हणजे कुट्टीचा भुसा जाळीत बसून पाणी उकळायचा प्रश्नच नाही. पण भुसा सिलिंडरच्या पात्यांमध्ये बसायचा, तो काढला नाही तर इंजिन तापणारच. रोज संध्याकाळी ब्रश घेऊन बसायचं काम आम्हा पोरांकडे. विकला नाही, उभा आहे.

*

माझा मुद्दा क्लचचा आहे आणि तो ट्रॅक्टर घेताना कुणी सांगत नाही म्हणून लांब लिहितेय. वडलांच्या जुन्या ट्रॅक्टरला सिंगल क्लच होता. म्हणजे पाय दाबला की चाकंही थांबणार आणि पीटीओही (मागचं मशीन फिरवणारा शाफ्ट). नांगरताना काही फरक पडत नाही, पण मागे वैरण कापायचं मशीन लावून मक्याच्या सरीत चालताना मका दाट आला की थांबावं लागतं, थांबायला क्लच दाबला की मशीन पण थांबतं, आतला माल तिथेच अडकतो, मग खाली उतरा, इंजिन बंद करा, हाताने काढा. ड्युअल क्लचमध्ये अर्धा दाबला की गाडी थांबते आणि पीटीओ फिरतच राहतो, मशीन आतला माल बाहेर फेकून मोकळं होतं. पुढचा ट्रॅक्टर घेताना घरात सगळे एचपीवर बोलत होते आणि मी क्लचवर अडून बसले होते. पाच एचपी कमीचाच घेतला आम्ही, आणि कुणालाही विचारा, मुरघासाचं (खड्ड्यात दाबून मुरवलेल्या हिरव्या वैरणीचं) काम त्याच्यावरच लवकर होतं.

जुना विकला नाही, मुरघासाच्या खड्ड्यावर दाबायला ठेवलाय. मका चिकात असताना, साधारण ३०-३५ टक्के कोरडं असताना कापायचा, एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे, पातळ थर देऊन प्रत्येक थरावर ट्रॅक्टर पुढे-मागे. हवा राहिली की बुरशी आलीच. याला वेग नको, वजन पाहिजे, आणि म्हाताऱ्या ट्रॅक्टरकडे तेच शिल्लक असतं :) फक्त शेणाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर तसाच खड्ड्यावर चढवू नका, टायर धुऊन घ्या, चिखल-शेण आत गेलं की मुरघास नासतो, वास येतो आणि गाई तोंड फिरवतात.

*

स्वराज ७२४. विषय संपला.

(बरं लिहितो. १९७४ मध्ये बाजारात आलेला, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत इथल्याच लोकांनी आखलेला, म्हणून आबांना फार अभिमान. पुढच्या टायरवर वजन टाकल्याशिवाय मागे भरलेली ट्रॉली असली की चढावर नाक उचलायचा, आबा तेव्हा गाणं म्हणायचे, आम्ही देवाचं नाव.)

*

सगळ्यांचं वाचून मजा आली पण पट्टा आणि पीटीओबद्दल एक सांगतो, मी दुरुस्तीचं काम करतो. पीटीओ ५४० आरपीएमवर फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. लुंगी, पदर, ओढणी, सैल बाही यातलं काही शाफ्टला लागलं तर हात आखडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं की लोक काढून टाकतात आणि तसंच चालवतात, मशीन माझ्याकडे आणलं तरी कव्हर नसतंच. गोठ्यात हा धोका शेतापेक्षा जास्त, कारण बायका-पोरं सतत आजूबाजूला, आणि कुट्टी रोजची. कव्हर बसवून घ्या आणि फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जायची सवय घरात कुणाला असेल तर ती आजच मोडा. अडकलेला माल काढायच्या आधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात.

*

आम्ही विकला. दोन ट्रॅक्टर होते, मोठ्याला सहा महिने काम नव्हतं आणि धाकटा भाऊ म्हणाला की गोठ्याला मिनी पुरतो. १८ एचपीचा घेतला. अरुंद असल्यामुळे दोन दावणींच्या मधून सरळ जातो, वैरण गव्हाणीपर्यंत पोचते, आधी ती टोपल्यांनी आत न्यावी लागायची आणि ती पाठीवर आईच्याच असायची. तेवढ्यासाठी विकलेल्याचं दुःख नाही. आत गाडी फार वेळ चालू ठेवत नाही, धुराने वासरं खोकतात.

नांगरट भाड्याने करून घेतो. वडील अजून रुसलेले आहेत.

*

वरच्यांना : मिनीला मागे मोठी ट्रॉली लावू नका फक्त. ओढतो, पण उतारावर ब्रेक त्या वजनाला पुरत नाहीत.

आमच्याकडे कुट्टीला आता मोटर बसवली, त्यामुळे ट्रॅक्टरचा रोजचा एक-दीड तास वाचला. लाईट गेली की मात्र जुन्यालाच जनरेटर लावतो, दूध काढायची मशीन आणि दुधाचा कूलर दोन्ही त्याच्यावर चालतात. त्यामुळे विकायचा विषय काढला की घरात सगळ्यात आधी आईच नाही म्हणते. बाकी कुणी जनरेटर कुठल्या एचपीवर चालवतंय ते लिहा, इंजिनाचा वेग किती ठेवता तेही लिहा, आमचा मधेच व्होल्टेज पाडतो आणि कूलरचा कॉम्प्रेसर गुरगुरायला लागतो.