बायपोलर स्थिर आहे, पण माणसांची भीती जात नाही. बोलण्याच्या उपचारांतून नेमके काय मागावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी ३८ वर्षांची असून नाशिकजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सहा वर्षांपूर्वी मला बायपोलर विकाराचे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या अवस्था येत राहणाऱ्या आजाराचे, निदान झाले. गेली दीड वर्षे लिथियम या औषधावर माझी मनःस्थिती स्थिर आहे. झोप नियमित आहे आणि रक्ततपासण्या वेळेवर होतात. तरीही एक गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे, ती म्हणजे माणसांची भीती.

वर्गात ऐंशी मुलांसमोर उभे राहताना मला काही होत नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र मी तास सुरू होण्याची घंटा होईपर्यंत जात नाही, मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून डबा खाते आणि हळदीकुंकवाची आमंत्रणे काही ना काही कारण सांगून टाळते. लिथियममुळे माझे हात किंचित थरथरतात, त्यामुळे चारचौघांत चहाचा कप उचलायचा म्हटले की घाम फुटतो. लाजाळू मी शाळेपासूनच होते आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री मला ताप यायचा. पण तीन वर्षांपूर्वी उन्मादाच्या अवस्थेत मी चुलत बहिणीच्या लग्नात ध्वनिक्षेपक हातात घेऊन बराच वेळ बोलत राहिले, मोठ्या काकांशी सर्वांदेखत भांडले आणि सहकाऱ्यांच्या गटावर रात्रभर संदेश पाठवले. तेव्हापासून ही भीती कित्येक पटींनी वाढली आहे.

अशा भीतीवर सहसा दिली जाणारी नैराश्यविरोधी औषधे मला उन्मादाकडे नेऊ शकतात, म्हणून माझ्या मनोविकारतज्ज्ञांनी बोलण्याचा उपचार सुचवला. मी एका समुपदेशकांकडे चार वेळा गेले. लोक आपल्याबद्दल इतका विचार करत नाहीत, सकारात्मक राहा, असे त्यांनी प्रत्येक वेळी सांगितले. पण लोकांनी ते सारे खरोखरच पाहिले आहे, त्याचे काय करायचे? या भीतीवर बायपोलर असताना उपयोगी पडणारा बोलण्याचा उपचार आहे का, आणि भीतीला सामोरे जाण्याच्या प्रयत्नांतून आजार पुन्हा उफाळण्याचा धोका असतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आणखी एक गोष्ट संकोचाने लिहिते: उन्मादात मला कोणाचीच भीती वाटत नव्हती, आणि खरी मी तीच होते, असे कधीकधी वाटते.

---

ओंजळ

मी पुण्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. प्रत्यक्ष भेटीशिवाय निदान करणे योग्य नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण उत्तर समजावे.

माणसांच्या अशा भीतीवर, म्हणजे सामाजिक भयावर, सर्वांत चांगला पुरावा असलेला बोलण्याचा उपचार म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला बहुतेक जण सीबीटी म्हणतात. त्यात भीतीमागचे विचार आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलल्या जातात. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली प्रौढांसाठी हाच उपचार, तोही गटात नव्हे तर एकट्याने घेण्याचा, प्रथम पसंतीचा म्हणून सुचवला. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीत सुमारे चार महिन्यांत प्रत्येकी दीड तासाची १४ पर्यंत सत्रे होतात. अनेक चाचण्यांमध्ये बायपोलर असलेल्यांना घेतलेच जात नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या रुग्णांसाठी हा पुरावा थेट लागू होत नाही, हे खरे. पण अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात बायपोलर नैराश्य असलेल्या २९३ जणांची पाहणी झाली आणि नऊ महिन्यांत ३० पर्यंत सत्रांचा सखोल मानसोपचार घेणारे थोडक्या सत्रांच्या गटापेक्षा अधिक संख्येने आणि लवकर बरे झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच माहितीचे विश्लेषण केल्यावर असे दिसले की, ज्यांना चिंताविकारही होता त्यांच्यापैकी सखोल उपचार घेणारे सुमारे दोन तृतीयांश सावरले, तर थोडक्या सत्रांच्या गटातले जेमतेम निम्मे. चिंता जोडीला आहे म्हणून बोलण्याचा उपचार निरुपयोगी ठरतो, असे मानण्याचे कारण नाही.

तुमच्या समुपदेशकांचे वाक्य तुम्हाला का पटले नाही, ते मला समजते. सामाजिक भयात माणूस बहुधा न घडलेल्या नामुष्कीला घाबरतो, आणि तिथे पुरावा तपासून पाहा असे सांगता येते. तुमच्याकडे मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. शाळेपासूनची भीती ही एक, आणि लग्नातील प्रसंगानंतरची शरम ही दुसरी. पहिलीसाठी, भीती खरी ठरते का हे तपासणारे छोटे प्रयोग करावे लागतात. दुसरीसाठी काय घडले ते उपचारकाजवळ सविस्तर बोलावे लागते, त्यातील आजाराचा भाग कोणता आणि भरपाई करण्याजोगे काय उरले आहे हे ठरवावे लागते, आणि मग ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याशी बोलावे लागते. शरमेचे काम बाजूला ठेवून नुसते लोकांत मिसळायला लावले, तर माणूस प्रत्येक चेहऱ्यावर त्या लग्नाची आठवण शोधत राहतो.

आता थरथर. ती औषधाची आहे आणि खरी आहे, म्हणून हात थरथरत नाहीत असे स्वतःला पटवण्याचा काहीच उपयोग नाही. प्रयोगात तपासायचे ते असे की, थरथर दिसली तर लोक नेमके काय करतात. तुम्ही बहुधा कप दोन्ही हातांनी घट्ट धरत असाल, अर्धाच भरून घेत असाल किंवा चहा नको म्हणत असाल. यांना आम्ही बचावाची वर्तने म्हणतो. त्यांनी लक्ष स्वतःच्या हाताकडेच खिळून राहते, आणि घट्ट पकडीने थरथर उलट वाढते. एकदा नेहमीसारखे सारे बचाव करून आणि एकदा ते सोडून, समोरच्याकडे लक्ष देऊन चहा प्यायचा आणि दोन्ही वेळचा अनुभव लिहून काढायचा, इतका साधा हा प्रयोग असतो. त्याचे चित्रीकरण पाहताना आपण वाटलो होतो त्यापेक्षा पुष्कळ सहज दिसतो, हे अनेकांच्या ध्यानात येते. थरथर त्रासदायक असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. मात्रा आणि रक्तातील पातळी तपासता येते, आणि थरथरीसाठी वेगळे औषधही असते. चहा-कॉफी मात्र मनाने एकदम बंद करू नका, कारण त्यामुळे लिथियमची पातळी वाढू शकते. थरथर अचानक ठळक झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

धोक्याबद्दल विचारलेत. भीतीला पायरीपायरीने सामोरे गेल्याने उन्माद येतो असे नव्हे. झोप मोडली तर मात्र येऊ शकतो. म्हणून प्रयोगांची वेळ झोपेला धक्का न लावणारी निवडावी आणि मनःस्थितीची रोजची नोंद उपचारकासमोर ठेवावी. नैराश्याच्या काळात माणसे नकोशी होतात, ते भय नसून वेगळेच लक्षण असते. तेव्हा प्रयोगांचा आग्रह धरू नये.

उपचारक शोधताना तीन प्रश्न विचारा: भारतीय पुनर्वास परिषदेकडे (चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी आहे का, सामाजिक भयावर सीबीटीने काम केले आहे का, आणि माझ्या मनोविकारतज्ज्ञांशी तुम्ही संपर्क ठेवाल का. तिसऱ्याला नकार आला तर दुसरे नाव पाहा.

---

साडेसहाची लोकल

गोदाकाठ, तुमचे शेवटचे वाक्य वाचून थांबलो, कारण अगदी हेच मी चार वर्षांपूर्वी माझ्या उपचारकांना म्हणालो होतो. मी डोंबिवलीत राहतो, वय ४५, निदान अकरा वर्षांपूर्वीचे.

भीती नसलेला तो मी मला खरा वाटायचा आणि आजचा संकोची मी त्याची फिकी नक्कल. उपचारकांनी मला त्या काळातल्या एका दिवसाचे वर्णन लिहायला लावले, त्या दिवशी मला भेटलेल्या तीन माणसांचे म्हणणेही आठवून लिहायला सांगितले. लिहिताना लक्षात आले की त्या दिवशी मी कोणाचेच ऐकले नव्हते. मी बोललो होतो, पण भेट कोणाशीच झाली नव्हती. तेव्हापासून माझी तुलना बदलली. आता मी स्वतःला उन्मादातल्या माझ्याशी ताडून पाहत नाही; गेल्या वर्षीच्या माझ्याशी पाहतो.

उपचार सुरू झाल्यावर सातव्या महिन्यात एका आठवड्यात माझी भीती एकाएकी नाहीशी झाली. लोकलच्या डब्यात मी अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या, कार्यालयातल्या बैठकीत चार वेळा बोललो, आणि ही बातमी सांगायला आनंदाने सत्राला गेलो. उपचारकांनी अभिनंदन करण्याआधी झोप विचारली. मी चार तास झोपत होतो आणि थकवा नव्हता. त्यांनी त्याच वेळी माझ्या संमतीने मनोविकारतज्ज्ञांना दूरध्वनी केला. मनोविकारतज्ज्ञांनी औषध बदलले आणि आमचे प्रयोग तीन आठवडे थांबले. त्या वेळी फार वाईट वाटले. पण बायपोलर असलेल्याची भीती हळूहळू, अडखळत कमी होत असेल तर ती उपचाराने होते आहे, आणि एका रात्रीत गेली तर आधी झोपेचे तास मोजायचे, हे मी तिथे शिकलो.

मराठीत मानसोपचारक कि. मो. फडके यांच्यामुळे विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, अनेकांना माहीत आहे. त्याचे जनक अल्बर्ट एलिस यांनी १९ वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभरात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलून आपली भीती घालवली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या पद्धतीत चारचौघांत मुद्दाम विचित्र वागून पाहण्याचे, लाज घालवण्याचे सराव असतात. ‘मी चुकलो तरी माझी किंमत शून्य होत नाही’ हा त्यातला विचार मला आजही आधार देतो, पण विचित्र वागण्याचे सराव माझ्या उपचारकांनी माझ्यापुरते वगळले, आणि ते योग्यच केले असे मला वाटते. ज्याने आजारात खरोखरच चारचौघांत विचित्र वागून घेतले आहे, त्याला तसे पुन्हा वागण्याची गरज नाही. त्याला साधे वागून पाहण्याची गरज आहे.

लग्नांबाबत: उपचारकांनी आणि मी मिळून सकाळच्या मुहूर्ताची लग्ने निवडली आणि हळदीच्या रात्रीचे जागरण टाळले. पहिल्या वेळी फक्त अक्षता टाकून आणि एका माणसाशी बोलून परतायचे ठरले होते, तेवढेच केले.

---

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. कप मी दोन्ही हातांनीच धरते. काकांना पत्र लिहावे असे आता वाटू लागले आहे, पण त्यात आजाराचे नाव घालावे की नाही हे कळत नाही. विभागप्रमुखांनाही सांगावे का?

---

परसदार

ताई, माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे, म्हणून घरच्यांच्या बाजूने लिहिते. आम्ही बरीच वर्षे त्याच्या वतीने सगळ्यांशी बोलायचो: पाहुणे आले की तो आत जायचा आणि तो झोपला आहे असे आई सांगायची. हे प्रेमापोटीच होते, पण त्यामुळे त्याची भीती घट्ट होत गेली, हे उपचारकांनी आम्हाला एकत्र बसवून समजावले. तुमच्या घरीही कोणी असे करत असेल तर त्यांना एखाद्या सत्राला जरूर घेऊन जा.

त्याने मामांना पत्र लिहिले तेव्हा आजाराचे नाव घातले नव्हते. ‘त्या वेळी माझी तब्येत ठीक नव्हती, उपचार चालू आहेत, मी तुम्हाला जे बोललो त्याबद्दल क्षमा मागतो’ एवढेच होते. मामांनी आठ दिवसांनी आंब्याची पेटी पाठवली, पत्राचा उल्लेखही केला नाही.

---

ओंजळ

पत्र आधी उपचारकाला दाखवा आणि लिहिल्यावर किमान एक आठवडा जवळ ठेवा. आजाराचे नाव कोणाला सांगायचे हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे आणि एकदा सांगितलेले परत घेता येत नाही, म्हणून विभागप्रमुखांचा प्रश्न आज सोडवण्याची घाई नको. योग्य उपचारक मिळेपर्यंत मध्येच फार अस्वस्थ वाटले तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

तोवर एक छोटी गोष्ट करून पाहता येईल. या आठवड्यात एके दिवशी घंटेच्या पाच मिनिटे आधी शिक्षकांच्या खोलीत जा आणि तिथल्या कोणाच्या तरी साडीचा किंवा शर्टाचा रंग नीट पाहून घरी वहीत लिहा. बोलायचे नाही. फक्त लक्ष स्वतःच्या हातांवरून त्यांच्याकडे वळवायचे.

---

गोदाकाठ

गुरुवारी गेले होते. भूगोलाच्या बाईंची साडी मोरपिशी होती आणि तिचा काठ एका बाजूला उसवला होता. त्यांनी मला चहा विचारला, मी हो म्हटले. थोडा बशीत सांडला.