रात्री साडेदहाचा मेसेज आणि इंग्रजीतला नकार

अंबडकर:
मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीत नकार लिहिता येत नाही, म्हणून कंपन्या त्यांच्याकडून फुकट जादा काम करून घेतात, असे काल इथे एका शिक्षकांनी लिहिले आणि 'आय विल टेक धिस अप टुमारो ॲट नाइन' हे वाक्य पाठ करायला सांगितले. हे वाक्य मी पाठवून पाहिले आहे. रात्री साडेदहाला साहेबांचे 'काइंडली डू द नीडफुल' आले, मी उत्तर दिले, दोन निळ्या टिका उमटल्या. सकाळी नऊला साहेबांनी मराठीतच विचारले, "फार मोठे झालात का?"

मूळ लेखक (शिक्षक):
आपण त्याआधी 'सॉरी सर' लिहिले होते का, ते सांगितले नाहीत. माझे विद्यार्थी 'आय विल ट्राय' लिहितात आणि समोरचा त्याला होकार समजतो. 'काल सात ते दहा काम केले, हे तास ओटीत (ओव्हरटाइममध्ये) धरायचे की कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) मिळेल?' एवढे साध्या इंग्रजीत विचारले, तरी लेखी नोंद राहते.

गंगापूर रोडची आई:
पुन्हा मराठी माध्यमावरच खापर! माझी मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकली, पुण्यात आयटीत आहे, आणि दिवाळीला घरी आली तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून रात्री एकपर्यंत लॅपटॉपपुढे बसली होती. तिच्या इंग्रजीत कोणती उणीव राहिली, ते गुरुजींनी सांगावे. आम्ही फी भरून दमलो, ते वेगळेच.

मूळ लेखक (शिक्षक):
मी माध्यमाला नव्हे, सवयीला दोष दिला होता. पण इथे वाचण्याआधी रागावण्याची पद्धत आहे.

अंबडकर:
खरी मेख नेमणूकपत्रातल्या इंग्रजीत आहे. जादा तासांना दुप्पट दर १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ५९पासून चालत आला आहे, त्यामुळे आमच्या ऑपरेटरचे कार्ड पंच झाले की ओटी लागतो. मला मात्र 'ऑफिसर' हा हुद्दा देऊन त्यातून वगळले, आणि माझ्या हाताखाली माणूस म्हणाल तर एकही नाही. सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला असता, तर साहेबांना उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे, हा प्रश्नच उरला नसता. तास लिहून ठेवण्याचा आपला सल्ला तेवढा घेतो, गुरुजी. 'टुमारो ॲट नाइन' आपल्याकडेच असू द्या.