नाशिक सपाट? गंगेवर या एकदा

वर कोणीतरी म्हटलंय की कसारा घाट चढून आलं की पुढे नाशिक सगळं सपाटच. हायवेवरून बघितलं तर तसंच वाटणार म्हणा. समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर, म्हणजे जवळपास पुण्याइतकीच उंची, पण जुन्या गावात जरा सायकल चालवून बघा, नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक असं आमची आजी सांगायची, ते कितपत खरं देव जाणे, पण मेन रोडवरून गंगेवर उतरताना ब्रेक सोडायची सोय नाही आणि परत येताना दम निघतो तो वेगळाच. (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.)

त्र्यंबकला गंगा जिथे उगम पावते तो ब्रह्मगिरी जवळपास १३०० मीटर, तिथून तीसेक किलोमीटरवर आपण, मग पावसाळ्यात पाणी येणारच ना. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं गाव एकच विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली दोन तोंडांची उंच मूर्ती) कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला, हीच आमची पट्टी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर मारुतीच दिसेना. सराफ बाजारात पाणी शिरतं ते मात्र नुसतं नदीमुळे नाही, सरस्वती नाला तिथूनच खाली येतो.