विषय: रव्याच्या लाडवांचा पाक – १०५ मधून १० वजा म्हणजे नक्की किती?

प्रेषक: फराळ समिती, डेन्व्हर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यशाळेसाठी रव्याच्या लाडवांची कृती छापायला घेतली आहे. कृती पुण्याच्या मावशींची. एकतारी पाकासाठी त्यांनी १०५ अंश सेल्सिअस लिहून दिलंय. इकडे घेतलेल्या कँडी थर्मामीटरच्या पुठ्ठ्यावर मात्र सूचना आहे की, समुद्रसपाटीपासून दर ५०० फुटांमागे १ अंश फॅरनहाइट कमी धरा. आपलं गाव ५,२८० फुटांवर, म्हणजे ढोबळमानाने १० अंश कमी.

इथेच समितीत दोन तट पडले. एका वहिनींनी फोनवरच्या कन्व्हर्टरमध्ये १० फॅरनहाइट टाकलं, उत्तर आलं उणे १२.२ सेल्सिअस. १०५ मधून उणे १२ वजा केले की होतात ११७! दुसरा तट म्हणतो, उणेचं चिन्ह सोडा, सरळ १२ वजा करा, ९३. पण डेन्व्हरला पाणीच ९५ च्या आसपास उकळतं, मग ९३ ला पाक कसला होतोय?

शनिवारी कागद छापायला द्यायचाय. कुणीतरी निकाल लावा.

———

प्रेषक: बोल्डरचे काका
उत्तर: रव्याच्या लाडवांचा पाक

समितीस सप्रेम नमस्कार.

दोन्ही तट बाद. कन्व्हर्टरचं काही चुकलेलं नाही, त्याला विचारलंच भलतं. "आज बाहेर १० अंश आहे" आणि "कालपेक्षा १० अंशांनी कमी आहे" या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली म्हणजे पट्टीवरची जागा, दुसरी म्हणजे दोन जागांमधलं अंतर. कन्व्हर्टर नेहमी जागा समजूनच उत्तर देतो, म्हणून तो ३२ वजा करतो. अंतराला त्या ३२ चं काही देणंघेणं नाही.

बर्फ वितळण्यापासून पाणी उकळेपर्यंत सेल्सिअसमध्ये १०० पायऱ्या, फॅरनहाइटमध्ये ३२ ते २१२, म्हणजे १८० पायऱ्या. त्यामुळे फॅरनहाइटचे १० अंश म्हणजे सेल्सिअसचे १० गुणिले ५ भागिले ९, साधारण ५.६. १०५ मधून ५.६ गेले, राहिले ९९.४. उलट बाजूने ताळा करा: १०५ सेल्सिअस म्हणजे २२१ फॅरनहाइट, त्यातून १० गेले २११, आणि २११ चे परत सेल्सिअस केले की ९९.४. जमलं.

११७ धरलं असतं तर काय झालं असतं तेही सांगतो. आपल्या उंचीवरचा ११७ चा पाक म्हणजे समुद्रसपाटीचा जवळजवळ १२२ चा, गोळीबंदच्याही पुढे गेलेला. लाडू खायला खलबत्ता लागला असता.

हाच घोळ हवामानाच्या आकड्यांतही होऊ शकतो. पृथ्वीचं तापमान दीड अंश सेल्सिअसने वाढणं म्हणजे २.७ अंश फॅरनहाइटने वाढणं. कन्व्हर्टरमध्ये १.५ टाकाल तर ३४.७ येईल. तेवढं वाढलं तर कार्यशाळा घ्यायला कुणी उरायचं नाही.

आता माझा सल्ला. पुठ्ठ्यावरचा नियम ठीक आहे, पण त्याहून भरवशाचा उपाय घरातच आहे. आधी नुसतं पाणी खळखळून उकळा आणि थर्मामीटर बुडवून आकडा लिहून घ्या. टोक भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. समुद्रसपाटीला २१२ फॅरनहाइट येतं, तुमच्याकडे २०२ च्या आसपास यावं. २०० आलं तर २०० धरा. थर्मामीटरच दोन अंश कमी दाखवत असेल तर तीही चूक यात आपोआप कापली जाते. साखर विरघळली की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो, आणि किती सरकतो ते पाक किती दाट झाला त्यावर ठरतं. मावशींचे १०५ समुद्रसपाटीच्या हिशेबाने म्हणजे खरं तर "उकळत्या पाण्याच्या वर ५ अंश सेल्सिअस", म्हणजेच ९ अंश फॅरनहाइट. तेवढं कागदावर छापलंत की उंचीचा प्रश्नच मिटतो. तार चिमटीत बघणाऱ्यांनी खुशाल बघावी, पण कार्यशाळेत पोरं असतात, गरम पाकात बोट नको.

उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर हलतो हे खुद्द सेल्सिअसला चांगलं ठाऊक होतं. हे गृहस्थ स्वीडनच्या उप्साला गावचे खगोलशास्त्रज्ञ. १७४२ मध्ये त्यांनी पट्टी मांडली ती चक्क उलटी: उकळत्या पाण्याला ०, बर्फाला १००. १७४४ मध्ये ते गेले आणि त्यानंतर ती सुलटी झाली. फॅरनहाइटची १७२४ ची पट्टी त्याहून चमत्कारिक. शून्य म्हणजे बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाचं तापमान. पाणी-बर्फाला ३२, माणसाच्या अंगाला ९६. ३२ आणि ९६ मध्ये ६४ घरं, निम्म्यानिम्म्याने भागत गेलं की खुणा करायला सोप्या.

———

प्रेषक: ऑरोराच्या डॉक्टरताई
उत्तर: उत्तर: रव्याच्या लाडवांचा पाक

काका, विषयाला फाटा फोडते, पण दवाखान्यात हेच रोज निस्तरते.

पालक विचारतात, शाळेच्या पत्रकात तापाची हद्द १००.४ का? सरळ १०० का नाही? कारण मूळ आकडा ३८ सेल्सिअस आहे. गोल आकडा होता, फॅरनहाइटमध्ये आणल्यावर शेपटी फुटली. ९८.६ चंही तेच. वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये ३७ अंश ही सरासरी मांडली. भाषांतरात ते ९८.६ झालं आणि लोकांना वाटायला लागलं की निसर्गाने दशांशापर्यंत मोजून दिलंय. निरोगी माणसाचं अंग सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळं भरतं. ९९ दिसलं की रात्री अकराला फोन करू नका.

घोळ वाढतो तो आजी-आजोबा आले की. भारतात हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये, त्यामुळे "बाहेर ३८ आणि पोराच्या अंगात १०२" हे आजींच्या तोंडी अगदी सहज येतं, आणि बरोबरही असतं. जर्मनीतली सून मात्र फोनवर "३९ ताप आहे" म्हणते, तेव्हा आजींना वाटतं पोर गारठलंय. ३९ म्हणजे १०२.२ हो. आणि औषधानंतर ताप "एक अंशाने उतरला" असं सांगाल तेव्हा कुठला अंश तेही सांगा. सेल्सिअसचा एक म्हणजे आपला जवळजवळ दोन.

तोंडी हिशेब हवा असेल तर सेल्सिअसची दुप्पट करा, तिचा दहावा हिस्सा काढून टाका, ३२ मिळवा. २५ चे ५०, त्यातून ५ गेले ४५, अधिक ३२, ७७. हे उत्तर अंदाजी नाही, तंतोतंत आहे.

———

प्रेषक: सजावट समिती

मंडळी, तापमान चाललंच आहे तर हॉलच्या दिव्यांचंही सांगा. खोक्यांवर २७०० के आणि ६५०० के असं लिहिलंय. समईच्या उजेडाच्या जवळचा कुठला? शिवाय आमच्या चिरंजीवांचा प्रश्न: पुण्यात ४० आणि इथे २०, म्हणजे पुणं दुप्पट गरम का?

———

प्रेषक: बोल्डरचे काका

२७०० घ्या. तो के म्हणजे केल्व्हिन, आणि दिव्याच्या बाबतीत तो रंगाचा आकडा आहे, हात लावून कळणारा नव्हे. जुन्या बल्बची तार खरोखरच तेवढी तापायची, म्हणून पिवळट उजेड. ६५०० चा निळसर पांढरा असतो, त्यात रांगोळीपेक्षा हॉलची फरशी जास्त दिसते.

चिरंजीवांना सांगा, तेच आकडे फॅरनहाइटमध्ये १०४ आणि ६८ होतात. आता दुप्पट कुठे गेली? दोन्ही पट्ट्यांची शून्यं माणसांनी सोयीने ठेवलेली, तेव्हा त्यांच्यावर पटी मोजता येत नाहीत. त्यासाठी ज्याखाली काही नाही असं शून्य लागतं. ते केल्व्हिनचं, उणे २७३.१५ सेल्सिअसला. त्या पट्टीवर पुणं ३१३ आणि आपण २९३, म्हणजे जेमतेम ७ टक्के जास्त. पायरी मात्र केल्व्हिन आणि सेल्सिअसची एकाच उंचीची, म्हणून आपले पाकाचे ५.६ केल्व्हिनमध्येही ५.६ च.

तो विचारेलच म्हणून: सेल्सिअस आणि फॅरनहाइट उणे ४० ला एकत्र येतात. तिथे कन्व्हर्टर लागत नाही.

———

प्रेषक: फराळ समिती, डेन्व्हर

काका, ताई, आभार. कागदावर असं छापतोय: "आधी पाणी उकळून आकडा लिहा. पाक त्याच्यापेक्षा ९ अंश फॅरनहाइट (५ अंश सेल्सिअस) वर गेला की गॅस बंद." मावशींचा १०५ काढून टाकलाय.

कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या वहिनींनी घरचा आकडा कळवावा. तुम्ही ६,००० फुटांवर, दोनशेच्या आसपास यायला हवा. थर्मामीटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो बरोबर आणावा, समितीकडे पुरेसे नाहीत. रवा आणि तूप आमच्याकडून.